एक कवडी पुढे

आमच्या पेठेतल्या वाचनालयाची सभासद-यादी संगणकावर चढवली, त्याला आता बरीच वर्षं झाली. रजिस्टरांची शिवण उसवली होती, पानं सुटी होऊन हातात येत होती. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार-पाच जण बसलो आणि नाव, पत्ता, वर्गणी, मोबाइल नंबर असं सगळं भरून काढलं. प्रोग्रॅम ओळखीतल्याच एका मुलाने हौसेने करून दिला होता. सुट्टी संपल्यावर पहिल्याच सोमवारी एका सभासदाला "तुमचं पुस्तक आलंय" असं कळवायचं म्हणून ग्रंथपाल काकूंनी यादी उघडली आणि मला हाक मारली.

"अहो, जरा इकडे या. सगळ्यांचा नंबर एकच कसा?"

खरंच एकच होता. अभ्यंकरांपासून हिरेमठांपर्यंत, वरपासून खालपर्यंत, प्रत्येक नावापुढे २१४७४८३६४७.

चूक सापडायला वेळ लागला नाही. मोबाइल नंबरचा रकाना त्या मुलाने 'पूर्णांक' म्हणून आखला होता आणि त्या रकान्यात मावणारा सर्वांत मोठा पूर्णांक हा. त्याहून मोठं काही भरायला गेलं की यंत्र त्याला दाबून इथवर आणून ठेवत होतं. आपले मोबाइल नंबर दहा अंकी आणि सहा, सात, आठ नाही तर नऊने सुरू होणारे. म्हणजे झाडून सगळे याच्यापेक्षा मोठे. त्यामुळे झाडून सगळे याच्यावर येऊन थांबले. रकाना बदलणं दहा मिनिटांचं काम होतं; नंबर पुन्हा भरायला मात्र दोन आठवडे गेले. त्या दोन आठवड्यांत मी हा आकडा इतक्या वेळा खोडला की तो माझ्या ओळखीचा झाला आणि पुढे जिवाभावाचाही झाला.

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. नुसतं वाचलं तर दिसायला अगदी साधा. शेवटी ना शून्य, ना अंकांची कुठली नक्षी. वाण्याच्या वहीत एखाद्या बेरजेखाली सापडला असता तरी कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नसतं. पण फक्त शून्य आणि एक वापरून तो लिहून पाहा. मग ओळीने एकतीस एक्के उभे राहतात, मध्ये एकही शून्य नाही. दोनाला दोनाने गुणत एकतिसाव्या घातापर्यंत जायचं आणि तिथून एक पाऊल मागे यायचं, की हा भेटतो.

आधी त्याचे शेजारी पाहावेत, म्हणजे त्याचा स्वभाव कळतो. अलीकडचा २१४७४८३६४६ हा मोठा लेकुरवाळा. त्याला २ ने भाग जातो, ३ ने दोनदा जातो, शिवाय ७, ११, ३१, १५१ आणि ३३१ नेही जातो. सात जणांत वाटा, अकरा जणांत वाटा, कुणाची तक्रार राहणार नाही. पलीकडचा २१४७४८३६४८ हा दोनाच्या घरचा. त्याला दोनाने एकतीस वेळा भागत जावं तेव्हा तो एकावर येतो. आणि या दोघांच्या मध्ये आपला हा, ज्याला एक आणि तो स्वतः सोडून कशानेही निःशेष भाग जात नाही. मूळ संख्या. दोन्ही भिंतींपलीकडे भरलेली घरं आणि मधल्या खोलीत एकटा राहणारा माणूस, असं मला ते नेहमी वाटत आलंय.

त्याचं घराणंही सांगण्यासारखं आहे. दोनाचा पाचवा घात ३२, त्यातून एक गेला की ३१. दोनाचा एकतिसावा घात, त्यातून एक गेला की हा. पाच आजोबा, एकतीस वडील, आणि तिघेही मूळ. हे सहज घडत नाही. घात मूळ असल्याशिवाय असा आकडा मूळ होत नाही, पण घात मूळ असला म्हणजे तो होतोच असंही नाही. ११ मूळ आहे. दोनाच्या अकराव्या घातातून एक वजा केला की २०४७ येतात, आणि ते तेवीस गुणिले एकोणनव्वद निघतात. याच्या घराण्यातही पुढच्या पिढीला ते साधलं नाही. दोनाचा २१४७४८३६४७ वा घात घेऊन त्यातून एक वजा केला तर चौसष्ट कोटींहून अधिक अंकांची संख्या तयार होते, आणि तिला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो. एवढ्या अवाढव्य संख्येचा विभाजक पंधरा अंकांत सापडावा, हे मला अजूनही नवल वाटतं.

या आकड्याच्या अगदी दारापर्यंत येऊन गेलेला एक माणूस आपला आहे: भास्कराचार्य. चाळीसगावजवळ सह्याद्रीच्या पायथ्याशी पाटण आहे. तिथे शके ११२८ चा एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला आणि त्या मठाला दान मिळालं, असा त्यात मजकूर आहे. लेख संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील सांगणाऱ्या शेवटच्या ओळी त्या काळच्या मराठीत आहेत.

भास्कराचार्यांनी 'लीलावती' लिहिली ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. तिच्यात एका दात्याचं उदाहरण आहे. तो याचकांना पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट देत जाण्याचा शब्द देतो. महिनाभरात त्याचे निष्क किती गेले? वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क, हे त्या वेळचं कोष्टक.

आता तीस दिवसांच्या तीस रकमा मांडून बेरीज करत बसायचं का? नाही. आचार्यांची युक्ती अशी: दिवस तीस, सम आहेत, निम्मे करा आणि 'वर्ग' असं लिहून ठेवा. राहिले पंधरा, विषम आहेत, एक कमी करा आणि 'गुण' लिहा. चौदा, निम्मे, वर्ग. सात, एक कमी, गुण. सहा, निम्मे, वर्ग. तीन, एक कमी, गुण. दोन, निम्मे, वर्ग. एक, एक कमी, गुण. शून्य आलं की उलट्या दिशेने चढायला लागा. गुण म्हटलं की दुप्पट, वर्ग म्हटलं की वर्ग: २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८ आणि मग एका उडीत १०७३७४१८२४. तिसाव्या घातापर्यंत पोचायला आठ पायऱ्या. आज मोबाइलवरून पैसे पाठवताना गुप्तलेखनासाठी प्रचंड घात काढावे लागतात, तेही याच जातीच्या शिडीने. आलेल्या संख्येतून एक वजा करा, पहिल्या दिवसाच्या दोन कवड्यांनी गुणा. उत्तर २१४७४८३६४६ कवड्या. म्हणजे एक लाख चार हजार आठशे सत्तावन्न निष्क, नऊ द्रम्म, नऊ पण, दोन काकिणी आणि वर सहा कवड्या.

वाचनालयातच, जुन्या 'लीलावती'च्या मराठी भाषांतरात हे उत्तर वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिलो. शेवटचा अंक सहा होता. माझ्या यादीतल्या आकड्याच्या शेवटी सात होता. आचार्यांचा दाता एका कवडीने अलीकडे थांबला होता. दानाची सुरुवात दोनऐवजी एका कवडीने झाली असती आणि दान एक दिवस जास्त चाललं असतं, तर बेरीज बरोब्बर हीच आली असती.

(आपल्याकडे दामदुपटीचा जुना दंडक होता: व्याज कितीही साठो, ते मुद्दलाच्या वर वसूल करता येणार नाही. ज्यांनी हा दंडक घातला त्यांना एका दुपटीनंतर पुढची दुप्पट कुठे नेते हे पुरतं ठाऊक असणार. दोन कवड्या महिन्याभरात लाख निष्कांवर जातात.)

कवड्यांच्या त्या ढिगाला सहाशे वर्षं झाल्यावर आपल्या या आकड्याचं एकटेपण सिद्ध झालं. मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ मध्ये अशा आकड्यांची एक यादी छापली होती. तीत ३१ हा घात होता. पण त्या यादीत ६७ आणि २५७ हेही होते आणि ते पुढे चुकीचे ठरले, तेव्हा नुसत्या यादीत नाव असण्याला अर्थ नव्हता. १७७२ मध्ये सेंट पीटर्सबर्गहून लिओनार्ड ऑयलर या गणितीने बर्नुली या दुसऱ्या गणितीला पत्राने कळवलं की दोनाच्या एकतिसाव्या घातातून एक वजा केल्यावर येणारी संख्या मूळ आहे. तेव्हा ऑयलर पासष्टीचा होता. त्याची दृष्टी जवळपास पूर्ण गेली होती.

याचं वर्गमूळ सेहेचाळीस हजार तीनशे चाळिसाच्या किंचित वर. म्हणजे तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायला हवं, आणि त्या भरतात पावणेपाच हजारांच्या वर. ऑयलरने त्या बहुतेक सगळ्या एका हिशेबात बाद केल्या. समजा एखाद्या मूळ संख्येने याला भाग जातो. मग त्या संख्येने दोनाच्या एकतिसाव्या घाताला भागलं की बाकी एक उरेल. तसं असेल तर फर्माच्या सिद्धांतानुसार त्या संख्येतून एक वजा केल्यावर ३१ ने भाग जायलाच हवा. पुढचं पाऊल: बत्तिसाव्या घाताची बाकी दोन उरेल, म्हणजे त्या हिशेबात दोन हा सोळाव्या घाताचा वर्ग ठरेल, आणि दोन असा वर्ग ठरायचा तर त्या मूळ संख्येला आठाने भागून एक किंवा सातच उरायला हवेत. दोन्ही अटी एकत्र केल्या की फक्त अशाच मूळ संख्या शिल्लक राहतात, ज्यांना २४८ ने भागलं असता १ किंवा ६३ उरतात. अशा संख्या सेहेचाळीस हजारांपर्यंत आहेत चौऱ्याऐंशी.

एका रविवारी दुपारी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. कॅल्क्युलेटर मुद्दाम कपाटात ठेवला. पहिली उमेदवार ३११. भाग लावत गेलो, एकोणसत्तर लाख पाच हजार ब्याण्णव वेळा गेला, बाकी ३५. दुसरी १३०३, बाकी २२६. तिसरी १४८९, बाकी १९९. दर वेळी शेवटच्या ओळीपाशी आलं की छातीत धडधडायचं, आता शून्य येतं की काय, आणि दर वेळी काहीतरी उरायचं. मी सहाव्या संख्येपाशी थांबलो, कारण दिवेलागण झाली होती. चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी भागाकार, डोळ्यांपुढे अंधार असताना, दुसऱ्याच्या लेखणीवर विसंबून पार पाडणं म्हणजे काय असेल, हे मला त्या दुपारी थोडंसं कळलं. मूळ संख्येचा पुरावा म्हणजे चौऱ्याऐंशी वेळा दार ठोठावून आतून कुणीच ओ न देणं.

त्यानंतर कित्येक दशकं माणसाला माहीत असलेली याच्याहून मोठी मूळ संख्या नव्हती. आणि याच्यामुळे एक परिपूर्ण संख्याही हाती आली. जिच्या स्वतःहून लहान विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते ती परिपूर्ण. सहा घ्या, एक, दोन आणि तीन मिळून सहा. युक्लिडने दाखवलेल्या रीतीने याला दोनाच्या तिसाव्या घाताने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही एकोणीस अंकी परिपूर्ण संख्या मिळते. दोनाचा तिसावा घात म्हणजे लीलावतीतल्या दात्याने तिसाव्या दिवशी मोजलेल्या कवड्या. शेवटच्या दिवसाचं दान गुणिले एकूण दान अधिक एक कवडी. आचार्यांच्या उदाहरणात हे सगळं होतं, फक्त ती एक कवडी नव्हती.

पीटर बार्लो या इंग्रज गणितीने १८११ च्या आपल्या ग्रंथात लिहून टाकलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही. अशा संख्यांचा उपयोग काही नाही, नुसतं कुतूहल, तेव्हा इतकी खटपट कोण करील? १८७६ मध्ये एदुआर लुकास या फ्रेंच माणसाने हाताने हिशेब करून एकोणचाळीस अंकी मूळ संख्या सिद्ध केली आणि तिच्याबरोबर कितीतरी मोठी परिपूर्ण संख्या आली. बार्लोचा अंदाज गणितात चुकला नाही, माणसांच्या बाबतीत चुकला. कुतूहलापायी माणूस किती राबतो हे त्याने धरलंच नाही.

आणि उपयोगाचं म्हणाल, तर आज जगात याच्याइतकं ओझं वाहणारे आकडे थोडेच असतील. संगणकाने पूर्णांकाला बत्तीस घरं दिली, त्यातलं एक अधिक-उणे दाखवायला ठेवलं, उरली एकतीस. ती सगळी एकांनी भरली की हा. याच्यात आणखी एक मिळवायला गेलं तर तोच एक चिन्हाच्या घरात जाऊन पडतो आणि आकडा उणे दोन अब्ज चौदा कोटींवर कोसळतो. २०१४ मध्ये 'गंगनम स्टाइल' या कोरियन गाण्याच्या यूट्यूबवरच्या मोजणीने हीच वेस ओलांडली आणि त्यांना मोजणीची घरं बत्तिसाची चौसष्ट करावी लागली. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान-प्रशासनाने बोइंग ७८७ साठी आदेश काढला: विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर वीज-नियंत्रकांतला मोजणारा आकडा ओसंडेल आणि वीजनिर्मिती बंद पडेल. सेकंदाचे शंभर भाग करून मोजत गेलं की दोनाच्या एकतिसाव्या घाताला २४८ दिवस आणि काही तास लागतात. ऑयलरच्या हिशेबातलेही २४८च होते. हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो सांगावासा वाटला.

जुन्या पद्धतीचे संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. त्यांचा आकडा इथे पोचेल १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, आपल्या घड्याळात सकाळी आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटं सात सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला त्यांच्या लेखी डिसेंबर १९०१ सुरू होईल. बहुतेक ठिकाणी घरं वाढवून झाली आहेत, राहिलेल्या ठिकाणी वाढवायचं काम चालू आहे.

पण वेस म्हणून उभं राहणं हे काम त्याच्या वाट्याला केवळ एकतीस एक्क्यांमुळे आलं. मूळ असण्याचा त्यात काही संबंध नाही. त्याचं मूळपण कामाला येतं ते दुसरीकडे, आणि तिथे तो मला सर्वांत जास्त आवडतो.

संगणकाला बेभरवशाचे दिसणारे आकडे हवे असतात: खेळात पत्ते पिसायला, शास्त्रज्ञांना हवामान किंवा अणूंची नक्कल करून पाहायला. लेहमर या अमेरिकन गणितीची रीत अशी: एक आकडा घ्या, त्याला ठरावीक गुणकाने गुणा, आपल्या या आकड्याने भागा, बाकी ठेवा, त्या बाकीला पुन्हा गुणा, पुन्हा भागा. १९६९ मध्ये आयबीएमच्या यंत्रांसाठी यातला गुणक निवडला गेला १६८०७, म्हणजे साताचा पाचवा घात. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी, निदान एवढं तरी असलंच पाहिजे, असा दंडक म्हणून गुणक आणि भाजक यांची हीच जोडी पुढे केली. एकापासून निघालं की १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३, मग ९८४९४३६५८. कुठे उडी घेईल सांगता येत नाही. पण हा मूळ असल्यामुळे आणि गुणक पारखून घेतलेला असल्यामुळे ती उडी कधी शून्यात पडत नाही आणि आधी येऊन गेलेल्या जागी फेरी पुरी होईपर्यंत परतत नाही. एकापासून २१४७४८३६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकदा येतो, एकदाच येतो. दात्याची एकूण एक कवडी हातातून जाते, कुठलीही दोनदा नाही, कुठलीही राहत नाही. सेकंदाला एक याप्रमाणे मोजलं तर फेरीला अडुसष्ट वर्षं लागतील.

त्या फेरीतला शेवटचा आकडा कोणता, हे मला जाणून घ्यायचं होतं. तो १४०७६७७००० निघाला. परवा वाचनालयाच्या एका जुन्या पावतीच्या पाठीवर मी तो हाताने पडताळून पाहिला. सोळा हजार आठशे सातने गुणलं: २३६५८८२७३३९०००. मग भागायला लागलो. अकरा हजार सतरा वेळा गेला, गुणाकार आला २३६५८८२७३३८९९९. वजाबाकी करायला रेघ मारली. काकू समोर परतीची पुस्तकं लावत होत्या, त्यांनी विचारलं, "काय उरलं?"

"एक."

"मग आता?"

"आता पुन्हा पहिल्यापासून," मी म्हटलं आणि पावतीच्या कोपऱ्यात १६८०७ लिहिलं.